एकाच लॉटच्या चार डिस्का

कोल्हापुरात राजारामपुरीतल्या माझ्या दुकानात रोज एक तरी पावणा येतो, काउंटरवर कोपर टेकतो आणि विचारतो, "आप्पा, कधीच न मरणारी हार्ड डिस्क हाय काय?" जणू मी अमृताची एजन्सी घेऊन बसलोय. पूर्वी अशा माणसाला मी कपाटातली सगळ्यात देखणी डिस्क काढून दाखवायचो आणि सांगायचो, "ही न्या. तुमच्या नातवाच्या लग्नात ही पंगतीला बसंल." डिस्क नुसती कानाला लावली की ती किती वर्षं जगणार हे आप्पा सांगतात, अशी माझी जिल्हाभर ख्याती होती. ती ख्याती कुणी पसरवली असं विचाराल, तर मीच. दुसरं कुणी पसरवेना, मग काय करायचं?

आता दुकान पुतण्या बघतो आणि मी पुतण्याला बघतो. फ्लॉपीच्या जमान्यापासून या धंद्यात माझ्या तोंडाचा 'आ' कितीदा झाला ते आठवत नाही. पण इचलकरंजीच्या दस्तगीरभाईंच्या घरी जो झाला, तो अजून पुरता मिटलेला नाही.

ज्यांना या धंद्यातलं काही माहीत नाही, त्यांच्यासाठी आधी थोडं सांगतो. घरचा सर्व्हर म्हणजे बुटाच्या खोक्याएवढी एक पेटी. आत दोन-चार हार्ड डिस्का. घरातले सगळे मोबाइल, कॉम्प्युटर आपापला माल तिच्यात आणून टाकतात. डिस्कच्या पोटात आरशासारख्या चकत्या मिनिटाला हजारो फेरे घेत असतात, आणि त्या चकतीवरून वाचायची-लिहायची सुई न टेकता तरंगत असते. किती अंतरावरून? तर पन्हाळ्याच्या तटावरून विमान न्यायचं, गवताच्या पात्याला शिवायचं नाही, आणि खाली उतरायचंही नाही. असं वर्षानुवर्षं. डिस्क मरते याचं लोकांना नवल वाटतं. मला ती जगते याचं वाटतं.

डिस्कांच्याही जाती असतात. साध्या कॉम्प्युटरची डिस्क ही हापिसातल्या नोकरासारखी, दिवसाचे चार-सहा तास काम, मग आराम. पाळतीच्या कॅमेऱ्याची डिस्क दिवसभर नुसती लिहिते, एखादं चित्र सांडलं तर तिला त्याचं काही वाटत नाही. सर्व्हरची डिस्क मात्र अखंड फिरण्यासाठी केलेली, शेजारच्या डिस्कांचे धक्के सोसायची सवय असलेली. घरच्या पेटीत हीच घालावी. आणि घालण्याआधी ती कुमारिका आहे की नाही हे बघावं. हसू नका. एक निवृत्त गुरुजी बाहेरून स्वस्तात मागवलेली नवी कोरी डिस्क घेऊन आले होते. पिशवी सीलबंद, नव्या चपलेसारखा वास, वापराचे तास शून्य. पण डिस्कच्या पोटात आणखी एक वही असते, ती पुसायचं त्या लबाडांच्या लक्षात आलं नव्हतं. ती उघडली तर बाई कुठल्याशा कारखान्यात पाच वर्षं राबून आलेली! मीटर मागं फिरवलेली जीपगाडी माहीत होती मला. डिस्कचंही मीटर फिरवतात हे बघून मी खुर्चीत बसलो तो उठलोच नाही. गुरुजींनीच मला पाणी दिलं.

असो. दस्तगीरभाई.

दस्तगीरभाई साडीच्या काठांची नक्षी काढतात. माग काही आपण होऊन मोर विणत नाही. आधी चौकटीच्या कागदावर एकेक चौकोन रंगवायचा, एक चौकोन म्हणजे एक धागा वर की खाली, आणि त्या हुकमानं माग चालतो. त्यांचे अब्बा हे सगळं बोरूसारख्या बारीक लेखणीनं हातानं करायचे. अब्बा गेले, लोखंडी ट्रंकभर कागद ठेवून गेले. आता दस्तगीरभाईंची मुलगी नसीम तेच काम कॉम्प्युटरवर करते. तिनं आजोबांचा एकेक कागद स्कॅन केला आणि मला निरोप धाडला, की घरी सर्व्हर बसवायचा आहे.

मी विचारलं, कधी येऊ? फोनवर दस्तगीरभाई ओरडले, "मागांच्या सुट्टीदिवशी या, आप्पा! बाकी दिवशी मला मान वर करायला सवड न्हाय!" फोनमध्ये मागं खडखड चालली होती. मी म्हटलं, इचलकरंजीचं नेटवर्क लईच खराब.

सुट्टीच्या दिवशी गेलो. खाली भावाची मागांची शेड, कुलूपबंद. वर यांचं बिऱ्हाड. घर असं शांत, की घड्याळाची टिकटिक ऐकू येत होती. एकच गोष्ट खटकली. घरातली माणसं एकमेकांशी अशी बोलायची की जशी पंचगंगेच्या दोन काठांवर उभी आहेत. दस्तगीरभाईंची बायको, शमाभाभी, स्वयंपाकघरातून विचारायच्या, "साखर किती घालू?" ते कर्नाटकात ऐकू जावं. मी म्हटलं, घराण्याचा गळाच मोठा. अहो, समोर पुरावा बोंबलत होता, आणि मी त्याला दाद देत बसलो.

मग डिस्का निवडायची वेळ आली. आमच्या धंद्यातला साधा नियम असा, की एका पेटीतल्या डिस्का एका बॅचच्या घेऊ नयेत. दोन इथून, दोन तिथून, जमल्यास वेगळ्या कंपनीच्या. एका दिवशी, एका यंत्रावर जन्मलेल्या डिस्कांत एकच खोट असू शकते, आणि एकच काम एकच वेळ केलं की त्या एकदमच थकतात. चार डिस्कांतली एक मेली तर उरलेल्या तिघींवरून तिचा माल परत उभा करता येतो. दोन मेल्या की खेळ खलास.

हे मी त्यांना सांगितलं, तर दस्तगीरभाई माझ्याकडं असं बघायला लागले, की मी मशिदीत चपला घालून शिरलोय.

"लॉट मिक्स करायचा? आप्पा, तुमी शिकलेली माणसं की!"

"का? काय झालं?"

"सुताचा एक कोन, गुंडाळा म्हणा की, दुसऱ्या लॉटचा लागला ना, कापडावर हातभर पट्टा पडतोय! रंग एकच दिसंल डोळ्याला, पण कापड धुतल्यावर सांगतंय. एका लॉटमिक्सपायी कापडाचा आख्खा ताका परत आलेला मी बघितलाय. माझ्या घरात लॉट मिक्स व्हायचा न्हाय!"

आता इथं मी ठासून सांगायला हवं होतं, की भाई, सूत वेगळं आणि डिस्क वेगळी. पण खरं सांगतो, लाज बाजूला ठेवून. दुकानात त्याच आठवड्यात चार डिस्कांचं एक खोकं आलं होतं, चारींचे नंबर ओळीनं. दुसरीकडून मागवायला आठ दिवस गेले असते. मी मान डोलावली. "तुमचं बी खरं हाय, भाई."

एवढ्यावर थांबलो असतो तरी निभावलं असतं. पण पेटी सुरू झाली, चार हिरवे दिवे लागले, भाभींचा शीरखुर्मा पोटात गेला, आणि माझी जीभ सुटली. कोपऱ्यातल्या ट्रंकेकडं बोट करून मी म्हणालो, "आता तो पसारा कशाला? वाळवीला निमंत्रण. रद्दीत घाला. एक डिस्क फुटू दे, जळू दे, अब्बांच्या नक्षीला ढिम्म काही व्हायचं न्हाय."

दस्तगीरभाई ट्रंकेकडं बघत म्हणाले, "अब्बांच्या हातचे हाईत ते."

"हात आता पेटीत गेला, भाई!" मी म्हणालो आणि स्वतःच्याच वाक्यावर खूश झालो.

चार महिन्यांनी नसीमचा फोन आला. "काका, लाल दिवा लागतोय!" मी पेटी मागवून घेतली. दुकानातल्या टेबलावर आठ दिवस फिरवली. एक चूक नाही! सुट्टीच्या दिवशी परत नेऊन बसवली. चारी दिवे हिरवे. दुसऱ्या दिवशी फोन. "काका, लाल!" परत आणली, परत ठणठणीत. सासरी गेली की तापते आणि माहेरी आली की फुगड्या घालते, अशी ती पेटी. तिसऱ्या वेळी पंखा उघडला, तर आत कापसाच्या धुळीचा एवढा मोठा गोळा, की मला वाटलं ससा बसलाय. मी मांडीवर थाप मारली. रोग सापडला! धूळ काढली, जाळी बसवली, आणि सुट्टीच्या दिवशी जाऊन मोठं व्याख्यान दिलं. भाभींनी पुन्हा खिलवलं.

दोन आठवड्यांनी पहिली डिस्क गेली. मी नवी पाठवली, नसीमनं ती बसवली. आता नवी भरायची तर पेटीला जुन्या तिन्ही डिस्का पहिल्या चौकोनापासून शेवटच्यापर्यंत वाचाव्या लागतात. सगळ्यात कष्टाचं काम ते. त्या कष्टात दुसरी डिस्क, तिच्या पाठची बहीण, नंबर एकानं पुढचा, धारातीर्थी पडली. चारातल्या दोन. फोनवर नसीम ओरडत नव्हती, रडत होती. मी म्हटलं, "काय काढू नका, काय दाबू नका. आत्ता निघालो."

मंगळवार होता तो. इतक्या खेपा झाल्या, पण मागांच्या चालू दिवशी मी त्या घरात पहिल्यांदाच पाऊल टाकत होतो.

गल्लीच्या तोंडापासूनच कानात कुणी खिळे ठोकतंय असं वाटायला लागलं. जिन्याच्या कठड्याला हात लावला तर हात खांद्यापर्यंत मुंग्यांनी भरला. वर आलो, बसलो. भाभींनी चहाचा पेला टेबलावर ठेवला. आणि तो पेला माझ्याकडं चालत आला.

मी थापा मारतो हे मान्य. पण हे माझ्या डोळ्यांनी बघितलंय. पेला भरलेला, कुणी हात लावलेला नाही, आणि तो एकेक बोट पुढं सरकत टेबलाच्या कडेला आला. मी ताडकन उठलो. "भूकंप! बाहेर पळा!"

घरातलं कुणी हललं नाही. दस्तगीरभाई, भाभी, नसीम, तिघंही आपापल्या पेल्यावर एकेक बोट अलगद टेकवून बसलेले. श्वास घ्यायची जशी सवय असते, तशी ती बोटं.

"काय झालं? बसा की, पावणं!" भाभी ओरडल्या.

"अहो, हलतंय!"

"काय हलतंय?"

"घर! घर हलतंय की!"

तिघांनी एकमेकांकडं बघितलं. दस्तगीरभाईंनी भिंतीकडं, छताकडं नीट निरखून बघितलं आणि मान हलवली. "न्हाय बा."

मी पेटीकडं धावलो. ती लोखंडी मांडणीवर होती, मांडणी खिळ्यांनी भिंतीला मारलेली, आणि भिंतीच्या बरोबर खाली मागांची रांग. पेटीवर तळहात ठेवला तर चालू बुलेटच्या टाकीवर ठेवल्यासारखं वाटलं. पन्हाळ्यावरून गवताला न शिवता जाणारं ते विमान! आणि इथं आख्खा पन्हाळाच नाचत होता. मी मात्र दर खेपेला डोंगर झोपलेला असताना येऊन, विमान झकास उडतंय म्हणून जेवून गेलो होतो.

पेटी कोल्हापूरला न्यायची ठरली. वाटेत धक्का लागू नये म्हणून भाभींनी आतून एक जुनी वाकळ आणून तिच्यात पेटी गुंडाळून दिली. एसटीत ती मी तान्ह्या बाळासारखी मांडीवर घेऊन आलो. शेजारच्या बाईंनी विचारलं, "मुलगा का मुलगी?" मी म्हटलं, "चौघी बहिणी. दोघी गेल्या." बिचारी उठून दुसऱ्या बाकावर जाऊन बसली.

दुकानात मी ती दुसरी, अर्धमेली डिस्क थेंबाथेंबानं पिळायला घेतली. थोडं वाचायचं, थांबायचं, तिला गार होऊ द्यायचं, पुन्हा वाचायचं. तीन दिवस त्या वाकळेची घडी मी बुडाखाली घेऊन बसलो. नसीमचं बहुतेक सगळं काम आलं. अब्बांच्या कागदांची नावंही आली, ओळीनं सगळी. मी हरखून पहिलं चित्र उघडलं. वरची बोटभर नक्षी, खाली नुसता करडा रंग. दुसरं उघडलं, तेच. दहावं, विसावं, तेच. ही गोष्ट फोनवर सांगायची नव्हती. वाकळ काखोटीला मारून मी इचलकरंजीला गेलो.

दारातच दस्तगीरभाई उभे होते. खाली माग चालू. मी पुटपुटलो, "भाई, अब्बांचं राहिलं नाही." माझं मलाही ऐकू आलं नाही. पण मागावरची माणसं ओठ वाचतात, हे मला त्या क्षणी कळलं. त्यांनी माझा दंड धरला आणि गल्ली ओलांडून दूर, खडखड कमी होते तिथवर नेलं. भाभी मागोमाग आल्या.

दस्तगीरभाई बोलले, ते अगदी हळू. इतक्या खेपांत त्यांचा खरा आवाज मी ऐकलाच नव्हता. मऊ, जरासा घोगरा. "कागद तर मी रद्दीत घातले, आप्पा. तुमी म्हणाला म्हणून."

मला एवढा मोठा धक्का आयुष्यात बसला नव्हता. लोक माझं बोलणं हसण्यावारी नेतात, असं मी कायम धरून चाललो होतो. नातवाच्या लग्नात पंगतीला बसणारी डिस्क कुणी खरी मानतं का? आणि या माणसानं, लॉट मिक्स म्हटल्यावर माझ्या अंगावर आलेल्या माणसानं, नेमकं माझं रद्दीचं वाक्य खरं मानलं होतं. मला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

तेवढ्यात भाभींनी माझ्या काखेतली वाकळ ओढून घेतली आणि झटकून उलटीसुलटी बघायला लागल्या. "वंगण-बिंगण लावलं न्हाय न्हवं, पावणं? सासऱ्यांच्या नमुन्यांची वाकळ हाय ही."

"कसल्या नमुन्यांची?" मी विचारलं.

"प्रत्येक नक्षी मागावर चढली की पहिला वीतभर तुकडा कापून आणायचे ते. मला म्हणायचे, ठेव. किती ठेवायचे? मी जोडले आणि शिवून टाकले."

दस्तगीरभाईंनी वाकळेचं एक टोक धरलं, मी दुसरं. भर गल्लीत आम्ही ती पसरून धरली. वेली, कोयऱ्या, कंगोरे, आणि मधोमध ज्वारीचं कणीस. लुगड्यावर कणीस कोण घालतं म्हणून लोक अब्बांना हसले होते असं भाई सांगायचे, ते कणीस. अब्बांचा निम्मा संसार माझ्या बुडाखाली होता तीन दिवस! सर्व्हर त्याच्याच बॅकअपमध्ये गुंडाळून मी एसटीनं कोल्हापूरला नेला होता, आणि वर डिस्क पिळत बसलो होतो.

"नसीऽऽम!" दस्तगीरभाई असे ओरडले, की शेडमधले माग क्षणभर थांबले असावेत.

नसीमनं धागे मोजायचं भिंग घेतलं आणि एकेक तुकडा मोजून चौकटीत उतरवायला लागली. वर्ष गेलं त्यात. सगळं मिळालं असं मी म्हणणार नाही. ही एक थाप मी मारत नाही. काही नक्ष्यांचे तुकडे वाकळेत नव्हतेच. त्या गेल्या, माझ्या जिभेपायी गेल्या, आणि त्यांची नावं मला अजून आठवतात. काही शिवणीत अर्ध्या कापलेल्या होत्या, उरलेलं अर्धं तिनं आपल्या मनानं काढलं. कणीस असंच अर्धं निघालं.

दस्तगीरभाई ते बघून म्हणाले, "अब्बांचं कणीस डावीकडं झुकायचं."

"अर्धं डावीकडं झुकतंय की, अब्बू. माझं उजवीकडं झुकू दे."

पेटी आता मागच्या खोलीत, जाड दगडी भिंतीलगत, जमिनीवर रबराच्या गादीवर आहे. चार डिस्का दोन कंपन्यांच्या, तीन लॉटच्या. दस्तगीरभाईंनी पट्टा पडेल म्हणून कुरकुर केली, पण घेतल्या. दुसरी प्रत गारगोटीला त्यांच्या बहिणीकडं, तिथं माग नाहीत. वाकळ तिसरी प्रत म्हणून माझ्या कपाटात ठेवू द्या, असं मी भाभींना सुचवून बघितलं. त्या म्हणाल्या, "तुमच्याकडं? न्हाय पावणं, तुमी बसता तिच्यावर."

आता कुणी न मरणारी डिस्क मागितली, की मी आधी त्याच्या घरी जातो, तेही चालू दिवशी. चहा मागतो. पेला टेबलावर ठेवतो आणि हात काढून घेतो. लोकांना वाटतं, म्हातारा चहाला हपापलेला.

कणसाचा काठ पहिल्यांदा मागावर चढला, तेव्हा दस्तगीरभाईंनी मला मुद्दाम चालू दिवशी बोलावलं. खाली खडखड चालली होती आणि त्या खडखडाटातनं एकेक दाणा कापडावर उतरत होता, अर्धा डावीकडं, अर्धा उजवीकडं. मग वर येऊन बसलो, भाभींनी चहा ठेवला. तेवढ्यात पुतण्याचा फोन आला, म्हणाला, "आप्पा, ओरडताय कशाला?" मी म्हटलं, "मी कुठं ओरडतोय!" नसीम फिदीफिदी हसायला लागली आणि तिनं डोळ्यानं टेबलाकडं खुणावलं. खाली बघितलं, तर माझं बोट माझ्या पेल्यावर टेकलेलं होतं.